लाईन मोजणारे आमचे साडू

या पृथ्वीतलावर जिथं जिथं म्हणून मोबाईलला रेंज आहे, तिथली लाईन आमच्या साडूंनी एकदा तरी मोजलेली आहे. आणि जिथं रेंज नाही, तिथं ती का नाही हे त्यांनी जमलेल्या मंडळींना समजावून सांगितलेलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दोन टॉवरांवर एकमेकींकडं तोंड करून बसवलेल्या थाळ्यांमधून एका वेळी किती माल, म्हणजे इंटरनेट, जाऊ शकतो, ते तपासायची त्यांची नोकरी. मी लोहाऱ्याच्या शाळेत गणित शिकवतो. म्हणजे मोजमाप हा खरं तर माझा प्रांत. पण आमच्या सासुरवाडीत, ईटला, काहीही मोजायचं निघालं की सगळ्या माना त्यांच्याकडं वळतात. थोरला जावई मी! पाहुणे आले की पहिली खुर्ची माझी, पहिला चहा माझा. आणि गप्पा मात्र सगळ्या त्यांच्याशी. जळणार नाही तर काय करणार माणूस?

हे गृहस्थ कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या तांब्याआधी त्यांचा प्रश्न येतो, "डबी कुठं बसवलीय?" डबी म्हणजे इंटरनेटची. मग खिशातून मोबाईल निघतो, पडद्यावरचा काटा थरथरत वर चढतो आणि हे श्वास रोखून बघत राहतात. "पाटीवर काय लिवलंय ते सोडा," हे त्यांचं आवडतं वाक्य, "आत्ता किती मोकळं हाय ते बोला." एकदा लोहाऱ्याहून आम्ही जीपनं निघालो, तर हे ड्रायव्हरशेजारी बसून वळणावळणाला आकडा पुकारत होते. मागं एक म्हातारी होती. तिनं विचारलं, "बाबा, माझ्या लेकाच्या वस्तीवर किती हाय बघ की." यांनी जीप थांबवायला लावली, खाली उतरले, हात उंच करून फेरी मारली आणि निकाल दिला, "मावशी, बोलायचं तर लिंबाखाली बसून बोलत जा. घरात भिंती लई जाड हायत." त्या म्हातारीचे दोन नातू माझ्या वर्गात शिकतात. पुढच्या बाजारात भेटली तर मला म्हणाली, "गुरुजी, तुमच्यासंगं ते हुशार साहेब होते, ते कुठं असत्यात?" आता बोला!

त्यांचं मूळ गाव सोनारीच्या अलीकडं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लग्नानंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना काळभैरवाच्या दर्शनाला नेलं होतं. तिथली माकडं भारी धिटुकली. साडूंनी पाया पडायच्या आधी मोबाईल काढला, काटा चढायला लागला आणि एका माकडानं तो हातातून हिसकून थेट झाडाच्या शेंड्यावर नेला. मी, खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात देवाला हात जोडले. म्हटलं, चला, एक दिवस तरी शांततेत जाईल. पण फुटाणे टाकल्यावर माकडानं मोबाईल खाली सोडला, आणि यांनी काच फुटलीय का ते न बघता आधी आकडा बघितला. "सर! वर दुप्पट हाय बघा!" पुजारी हसले, सासरे हसले, माझी बायकोसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. माझ्या विनोदांना ती लग्नापासून हसलेली नाही.

पण खरा घाव स्वयंपाकघरातला. एका दिवाळीला ईटच्या घरी पंगत रखडली होती. साडू दारात उभे राहिले, चुलीपासून ताटापर्यंत नजर फिरवली आणि सासूबाईंना म्हणाले, "मामी, लाटणाऱ्या तिघीजणी आन्‌ तवा एकच? तुमची लाईन तव्यावर अडकलीय. चौथी बाई बसवली तरी काय उपेग न्हाय." माळ्यावरचा दुसरा तवा काढला, आणि पंगत भराभर उठली. तेव्हापासून मामी त्यांना "आमचं डोकं" म्हणतात. मी त्या घरात त्यांच्याआधी कितीतरी वर्षं पोळ्या खाल्ल्या होत्या. तवा मलाही दिसतच होता की! पण दिसलं म्हणून कुणी सांगत सुटतं का?

हे सगळं एकवेळ मी गिळलं असतं. पण माझी पूर्वा! एकुलती एक लेक, इंजिनिअर झाली, आणि काहीही अडलं की "थांबा बाबा, काकांना विचारते." तिला पाढे शिकवले मी, भूमिती शिकवली मी, आणि पहिला फोन काकांना! एकदा ईटच्या ओसरीवर हे तिला शिकवत होते आणि मी पेपर वाचतोय असं दाखवून ऐकत होतो. लाईन किती रुंद आहे ते ती गच्च न भरता कसं ओळखायचं, असा विषय होता. साडू म्हणाले, "आमचा बा काय करायचा? नव्या कुंपणाचं दार केवढं हाय ते बघायला दोनच मेंढरं एकामेकाला चिकटून सोडायचा. पल्याड निघताना दोघींच्या मधी जेवढं अंतर पडलं, त्यावरनं दार कळायचं. दार अरुंद, तर अंतर जास्ती. आख्खा कळप घालून बघायचं काम न्हाय. कळप घातला की दारच बंद पडतं, मागच्यानं जायाचं कुठनं?" पूर्वा टाळ्या पिटून हसली. इतकं सोपं मला वर्गात कधी सांगता आलेलं नाही, आणि त्या रागात मी पेपरातलं शब्दकोडं चुकीचं भरलं.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात आमच्याकडं लेकी-जावयांना जेवायला बोलावतात. जावयाला पाटावर बसवून ओवाळायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, वर नवे कपडे. जावयांचा सणच हा, आणि त्यात पहिला पाट थोरल्याचा. मी वर्षभरात कधी नसतो एवढा खुशीत ईटला पोचलो. आणि नेमकी त्याच दुपारी पूर्वाची नोकरीची मुलाखत आली, तीही मोबाईलवर नाही, चांगली लॅपटॉपसमोर बसून. याआधीच्या दोन ठिकाणी तिला नकार आला होता. पोरगी आतून हलली होती. जेवणाकडं लक्ष नव्हतं तिचं. ती म्हणाली, "काका, लाईन टिकेल ना?" मी शेजारीच उभा होतो.

साडूंनी घर ताब्यात घेतलं. गच्चीवरची इंटरनेटची थाळी त्यांनीच बसवलेली होती. ओवाळणं थांबलं, धोंडे झाकले गेले, पाहुण्यांचे मोबाईल बंद झाले. सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांच्या टीव्हीचा प्लगसुद्धा यांनी काढून ठेवला. मामा म्हणाले, "आता जावईबापूंच्या हातात हाय सगळं." कोणते जावईबापू ते सांगायला नकोच. पूर्वा आतल्या खोलीत बसली, दार लागलं. आम्ही दोघं ओसरीवर.

सुरुवात बरी झाली. मग आतून आवाज आला, "हॅलो, ऐकू येतंय का, सर?" तोच प्रश्न पुन्हा. साडू पांढरेफटक पडले. मोबाईल काढून मोजायला लागले. "घसरलीय वो सर. मगाशी बरी होती." पुन्हा मोजलं. पुन्हा आतून "हॅलो? हॅलो?" तिचा आवाज रडवेला झाला होता. हे पुन्हा काटा चढवायला लागले, आणि त्या काट्याकडं बघता बघता माझ्या लक्षात आलं. काटा वर जातो तेव्हाच पोरीचा आवाज तुटतो. काटा थांबला की ती बोलते. लाईन किती आहे ते बघायला हे बाबा लाईन काठोकाठ भरत होते!

मी त्यांचा हात धरला. "अहो, कळप सोडलाय तुम्ही!"

क्षणभर त्यांना कळलं नाही. मग कळलं. त्यांनी मोबाईल बंद करून पालथा घातला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसले. आतून पूर्वाचा आवाज सलग येऊ लागला, मोकळा, आमच्या घरातल्यासारखा. दुसऱ्यांना शिकवलेलं हे स्वतः विसरले होते, कारण आत बसलेली पोरगी त्यांना जगातल्या कुठल्याही लाईनपेक्षा जास्त होती. साडूंना मूलबाळ नाही. हे मी इतका वेळ लिहिलं नाही, कारण ते लिहिलं की माझं जळणं लंगडं पडतं.

दार उघडलं. पूर्वा लालबुंद चेहऱ्यानं बाहेर आली. मुलाखत बरी गेली होती, पण सुरुवातीची काही मिनिटं वाया गेली म्हणून ती संतापली होती. "मधी कुणाचं चालू होतं नेट? एवढं सांगून ठेवलं होतं ना सगळ्यांना?"

सगळं घर ओसरीत जमलेलं. मामा, मामी, माझी बायको, मेहुणी. साडूंनी मान वर केली, तोंड उघडलं. इतक्या वर्षांत मी ज्या दिवसाची वाट बघत होतो तो हाच, आणि मला बोट उचलायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

"माझा चालू राहिला गं," मी म्हणालो. "कसलं तरी आपोआप उतरत होतं. ध्यानातच आलं नाही."

"बाबा! तुम्ही ना, खरंच!" ती पाय आपटत आत गेली. मामांनी नाराजीनं मान हलवली. बायकोनं कपाळाला हात लावला. पहिला पाट मिळाला मला, धोंडेही वाढले, पण ओवाळताना मामींचा चेहरा काही उजळला नाही. शेजारच्या पाटावर साडू खाली मान घालून पुरण चिवडत होते. खरं सांगायचं तर, तेव्हाही मला त्यांचा राग आलाच. जेवणं उरकल्यावर ते पान लावून घेऊन आले, माझ्या हातात दिलं आणि जवळ बसून राहिले.

पूर्वाला ती नोकरी लागली. आता ती बेंगळुरूला असते आणि बातमी चांगली असो वाईट असो, पहिला फोन अजून काकांनाच करते. मी जळतो, त्यात काही फरक नाही. फरक झाला असेल तर तो त्यांच्यात. कामानिमित्त लोहाऱ्याला आले की घरी येतात, पाणी पितात, डबीकडं बघतात आणि आधी मला विचारतात, "सर, मोजू का?"

गेल्या रविवारी ते असेच आले तेव्हा मी पूर्वाशी व्हिडिओवर बोलत होतो. चेहरा जरा अडकत होता, आवाज मागं पडत होता. साडू दारातच चपला काढून थांबले, हात खिशाकडं गेला आणि परत आला. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, "घ्या, बोला."

तिकडनं पूर्वानं हसत विचारलं, "काका, किती येतंय हो बाबांच्याकडं?"

मी आकड्याची वाट बघत होतो. साडू पडद्यावरच्या त्या अर्धवट थांबलेल्या चेहऱ्याकडं बघत राहिले.

"पुरतंय गं बाळा," ते म्हणाले.