हिरव्या रंगाखालची मुलगी

तुळशीरामजी कुठल्याही जुन्या वस्तूला लगेच हात लावत नसत. आधी तिच्यासमोर खाली फरशीवर मांडी घालून बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत आणि नुसते पाहत राहत. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी चहा घेऊन गेले, तो निवून त्याच्यावर साय आली तरी ते बसलेलेच. मी विचारलं, "काही खराबी दिसते का?" तर मान न वळवता म्हणाले, "थांबा ना जी ताई. पाहून राहिलो. मी याले पाहीन, मंग हे मले पाहीन, मंग काम."

ते फर्निचर पॉलिश करणारे मिस्त्री. मूळचे सावनेरकडचे, पण सगळं आयुष्य नागपुरात गेलेलं. कळमन्याच्या पलीकडे दोन खोल्यांत एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन वर्ध्याला. सत्तरी उलटलेली, अंगानं काटकुळे, बोटं चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशनं कायमची तांबूस झालेली. सदर भागात मी ज्या बँकेत नोकरी करते, तिथल्या जुन्या खुर्च्या त्यांनी पॉलिश केल्या होत्या. त्या पाहून मी त्यांना घरी बोलावलं.

काम होतं आईच्या आरशाच्या टेबलाचं. आईच्या लग्नातलं ते टेबल. वर लांबोळा आरसा, खाली तीन ड्रॉवर, बाजूला छोट्या कपाटाचं एक दार. आतलं लाकूड अस्सल सागवान, पण मला आठवतं तेव्हापासून त्याच्यावर जाड हिरवा ऑईलपेंट फासलेला. आई चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती आणि अजूनही रोज सकाळी त्याच्यासमोर बसून वेणी घालायची. मला वाटलं, एकदा हे लाकूड मोकळं करू, तिला आनंद होईल.

आईला आनंद झाला नाही. "काहून उकरून राहिली वं?" ती म्हणाली. "हिरवं बरं आहे ते. राहू दे." म्हाताऱ्या माणसांना बदल नको असतो, असं मी धरून चालले. तुळशीरामजींनी मात्र तिचं बोलणं ऐकलं आणि मला जिन्यात विचारलं, "मायची मर्जी नाई वाटते?" मी म्हटलं, "तुम्ही करा हो. झाल्यावर तीच खूश होईल." त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

टेबल आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये उतरवलं. तुळशीरामजींनी पहिल्यांदा मागितली एक जुनी चादर. ती आरशावर टाकून चारी बाजूंनी बांधली. रंग काढायच्या औषधाचे शिंतोडे काचेवर उडतात, हे एक कारण. दुसरं त्यांनी आपणहून सांगितलं. "काम करताना आपलंच तोंड समोर असलं का हात चुकते. मानूस आपल्यालेच पाहून राह्यते."

पाय झाले, ड्रॉवर झाले. हिरव्या रंगाच्या सालपटांचा ढीग झाडून ते रोज एका पोत्यात भरत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेतून लवकर आले, तर हत्यारं नीट ओळीनं मांडून ठेवलेली, हात धुतलेले आणि तुळशीरामजी टेबलाच्या त्या छोट्या दारापासून चार हात लांब बसलेले. मला पाहून उठले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "ताई, इथं कोनी तरी बसून आहे."

दाराच्या खालच्या कोपऱ्यात, हिरव्याच्या मधोमध, तळहाताएवढा पिवळा रंग उघडा पडला होता. त्याच्याखाली एक लहान पाऊल होतं. अनवाणी.

त्यानंतर त्यांनी रंग खरवडायच्या लोखंडी पट्टीला हात लावला नाही. जुन्या धोतराच्या चिंध्यांत कापूस बांधून छोटे बोळे केले आणि बोटभर जागा भिजवायची, थांबायची, टिपायची असं आठ दिवस चाललं. चित्रावर कोणीतरी वार्निशचा हात मारलेला होता, त्यामुळे हिरवा रंग अलगद सुटत होता. आधी पायरी निघाली. मग पिवळा फ्रॉक. मग दुसरं पाऊल, त्यात काळा बूट. पहिल्या पायातला बूट तिच्या हातात होता. चार-एक वर्षांची मुलगी, पायरीवर बसलेली, एक बूट घातलेला आणि एक हातात. चेहऱ्याजवळ आल्यावर ते थांबले. "रविवारी तुम्ही घरी असान तवा उघडतो. पराया मानसानं एकट्यानं नाई पाहू."

रविवारी चेहरा निघाला. केस होते, गाल होते, हनुवटी होती, किंचित उघडे ओठ होते. डोळे नव्हते. त्या जागी नुसतं खरवडलेलं लाकूड. तुळशीरामजींनी त्यावरून बोट फिरवलं. "हे माह्यानं नाई गेलं, ताई. हे रंगाच्या आधीचं आहे. हे कोनं तरी घासलं आहे."

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती आणि ती वारली, एवढं मला ऐकून माहीत होतं. घरात तिचा फोटो नव्हता, विषय नव्हता. मी वर गेले. आई पलंगावर बसून मटार सोलत होती. मी फक्त म्हटलं, "आई, टेबलाच्या दारावर चित्र निघालं."

तिचे हात थांबले. तिनं विचारलं, "बूट एकाच पायात आहे ना?"

"हो."

"बेबी ते," आई म्हणाली. "तिले दुसरा बूट कधी स्वतः घालता नाई आला. हातात घेऊन बसे, मी येईपर्यंत."

मग तिनं सांगितलं. बेबीचा घसा धरला आणि चार दिवसांत ती गेली. बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. ते महिनाभर गप्प राहिले आणि मग एका सुट्टीत त्यांनी आईच्या टेबलाच्या दारावर बेबीला काढलं, नुसत्या आठवणीतून. आईला विचारलं नाही. "मी वेणी घालाले बसली का बेबी माह्याकडे पाहे. रोज. बूट हातात घेऊन. जशी मी जाऊन घालूनच देणार आहो." एक दिवस बाबा शाळेत गेल्यावर आईनं राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं आधी तिचे डोळे घासून काढले. मग गल्लीतल्या पेंटरला बोलावून सगळं टेबल हिरवं करून टाकलं. बाबा संध्याकाळी आले, त्यांनी पाहिलं, हातपाय धुतले आणि पाटावर येऊन बसले. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर फुलं काढली, घागरी काढल्या, झाडं काढली. माणूस कधी काढला नाही.

"आता पाहावंसं वाटते तिले," आई म्हणाली. "पण डोये तर मीच पुसले."

मी खाली आले ती ठरवूनच. तुळशीरामजींना आईची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हटलं, चांगला चित्रकार शोधू, डोळे भरून घेऊ. आई आता किती दिवसांची? तिच्या मनावरचं ओझं तरी उतरेल.

"नका करू, ताई," ते म्हणाले.

मी कारण विचारलं. त्यांनी बोळा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि मगच बोलले. त्यांची बायको, शेवंताबाई, गेली तेव्हा तिचा एकच फोटो होता. कोणाच्या तरी लग्नातला, दहा जणींत उभी, चेहरा नखाएवढा. तुळशीरामजींनी तो एका फोटोवाल्याला मोठा करून रंगवायला दिला. त्यानं मन लावून काम केलं. डोळे टपोरे केले, नाक सरळ केलं, नसलेल्या पाटल्या घातल्या. लोक म्हणाले, काय सुंदर बाई होती.

"मले बी बरं वाटलं. भिंतीले लावला. रोज पाहे. दोन वर्षं झाले, तीन झाले, अन् एक दिवस डोये मिटले तं तेच बाई आली. फोटोतली. मी म्हटलं, तू कोन वं? माही कुठं आहे? आतापर्यंत शोधून राहिलो, ताई. ते नाई येत. घरात राहावी म्हनून फोटो आनला, अन् मीच तिले घराबाहेर काढली."

ऐकताना मला गलबलून आलं, हे खरं. पण ते त्यांचं दुःख आहे, आमची गोष्ट वेगळी, असंही मी मनाशी म्हटलं. पुढच्या आठवड्यात तुळशीरामजी नात्यातल्या लग्नासाठी तीन दिवस सावनेरला गेले. त्याच दिवसांत मी एका चित्रकाराला बोलावलं. डोळ्यांसाठी नमुना म्हणून त्यांना माझा लहानपणचा फोटो दिला. बहिणी-बहिणी, सारख्याच असणार. त्यांनी एका दुपारात डोळे भरले. काम सुरेख झालं. मुलगी जिवंत होऊन पाहू लागली.

संध्याकाळी मी आईला हाताला धरून खाली आणलं. ती खुर्चीवर बसली. पुष्कळ वेळ पाहिलं. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "छान काढलं. ही तू आहे, मंदा."

मी तिला तशीच वर घेऊन आले. जेवताना तिनं घास तसाच ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "मंदा, बेबीचे डोये कसे होते वं? सकायपर्यंत होते माह्याजवळ."

ते वाक्य घेऊन मी पुढचे दोन दिवस घरात कशी वावरले, माझं मला ठाऊक. आई टेबलाबद्दल बोलली नाही, रडली नाही. फक्त मधेच थांबायची, जशी एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवत असावी. सगळ्या आयुष्यात तिनं ज्या नजरेपासून पळ काढला होता, ती तिच्या आत शाबूत होती. ती मी काढून घेतली होती.

तुळशीरामजी परत आले. टेबलाच्या दारासमोर बसले, पाहिलं. मला वाटलं, बोलतील, रागावतील. मीच सगळं सांगून टाकलं, आईचं वाक्यसुद्धा. त्यांनी एवढंच विचारलं, "तेलाचा रंग आहे का? कधी लावला?"

"परवा."

"मंग ओला असन अजून. आज बसतो."

त्या दिवशी ते जेवायलाही उठले नाहीत. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, टर्पेंटाईनमध्ये जेमतेम भिजवून, नवा रंग तेवढाच उचलत होते. डोळ्यांच्या पापण्या गेल्या, बुबुळं गेली. चित्रकारानं ओठांवरूनही एक हात फिरवला होता, तो काढताना त्यांचा श्वास बंद झालेला मी पाहिला. ऊन पार्किंगच्या भिंतीवरून उतरलं तेव्हा ते मागे सरकले. "ओठाचा इतलासा कोना गेला, ताई. जुना. मास्तरच्या हातचा. माह्या हातानं गेला, हे मायले सांगजा."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांले म्हनाव, मी तर तिचे डोयेच घासले होते."

चपड्याचे हात चढवून झाले, सागवानाची शीर न् शीर उजळली, आणि टेबल पुन्हा आईच्या खोलीत गेलं. दारावर डोळ्यांशिवायची मुलगी. पहिले काही दिवस मी त्या खोलीत जायचं टाळत असे. आई मात्र रोज समोर बसून वेणी घालू लागली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं मला हाक मारली. कंगवा हातातच होता. "डावा डोया थोडा बारीक होता. हासली का मिटे." मी धावत जाऊन तुळशीरामजींना फोन लावला. आईचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. मग ते म्हणाले, "मायले म्हना, अजून सांग. थांबू नको म्हना."

खरंच तो डोळा बारीक होता, की आईनं आपल्या गरजेनं तो तसा केला, हे मला माहीत नाही. विचारणार कोणाला?

दोन महिन्यांनी ते नुसतेच भेटायला आले. आईजवळ बसले. तिनं त्यांना बेबीच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मला कधी सांगितल्या नव्हत्या. साबणाला भिणारी बेबी, कोंबडीशी भांडणारी बेबी. ते मान खाली घालून ऐकत राहिले. जिना उतरताना मला म्हणाले, "शेवंता भाकर थापे तवा बांगड्या कोपरापर्यंत सरकवे. काल आठवलं. तोंड नाई आलं. पन बांगड्या आल्या, ताई." आणि एवढ्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदाच उघडा पाहिला.

त्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलीनं वर्ध्याहून फोन करून कळवलं. त्यांच्या फोनमधल्या नावांत माझंही नाव होतं म्हणाली. थोडं बोलणं झालं. शेवटी तिनं विचारलं, "बाबाचा एक चांगला फोटो आहे माह्याजवळ, फोटोवाल्यानं साफ करून देल्ला. पाठवू का तुमाले?"

मी म्हटलं, "नको गं." तिला वाईट वाटलं असेल. कारण सांगायला मला जमलं नाही, आणि तिनंही मग फोन ठेवला.