आडनाव बदलण्याचा अर्ज

माझ्या बापाचा अपमान झाला तो १९६६ साली, मॅट्रिकचे फॉर्म भरायच्या दिवशी, पालघरच्या शाळेत, दुसऱ्या तासाला. बाबा तिथं नव्हते. मी होते आणि मी गप्प बसले, हेही लिहून ठेवते.

वर्गशिक्षक वाईट नव्हते. माझं इंग्रजी त्यांनीच घडवलं. त्यांनी जवळ बोलावून हळूच सांगितलं, बोर्डाच्या सर्टिफिकेटवर चढेल ते आडनाव जन्मभर राहतं. ‘सुतार’ वाचलं की नोकरी देणाऱ्याला आधी रंधा दिसतो, मुलगी नंतर. पाम गावची आहेस तर ‘पामकर’ लाव. अर्जही त्यांनीच लिहून दिला. सोमवारपर्यंत बाबांची सही तेवढी हवी होती.

बाबांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग म्हणाले, मास्तर सांगतात म्हंजे बऱ्याचंच असल, हातातलं काम उरकलं की सही करतो.

काम म्हणजे बैलगाडीचं चाक. रविवारी सकाळी अंगणात शेणी पेटवून चाकावर चढवायची लोखंडी धाव लाल केली होती. तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावरचा एक गोरा इंजिनिअर जीप थांबवून बघत उभा राहिला. धाव चाकावर बसली, वर पाणी ओतलं, वाफ विरली. मग त्यानं मला विचारलं, हे कोण? मी शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, माझे वडील, गाड्या बनवतात. तो हसला. म्हणाला, मग आपण भाऊबंद. त्याचं आडनाव होतं कार्टराइट. ‘कार्ट’ म्हणजे गाडी आणि ‘राइट’ म्हणजे घडवणारा, तो शब्द आता एकटा कुणी वापरत नाही. त्याच्या कुणा पूर्वजाला गाव धंद्यावरून हाक मारायचं, तीच पुढं पोराबाळांना चिकटली. त्यांच्याकडं लोहार, कुंभार, शिंपी अशी आडनावं साहेबलोकांतही सर्रास असतात.

बाबांनी हे सगळं माझ्याकडून नीट ऐकून घेतलं.

“मंग यानं बदललं नाय?”

“नाय.”

“येवढा साहेब झाला तरी?”

“कशाला बदलू, म्हणतोय.”

बाबांनी त्याच्या हातात हातोडा दिला. दुसऱ्या चाकाचा एक आरा त्यानं ठोकला, तो तिरका गेला.

“नाव हाय, हात नाय,” बाबा म्हणाले. मी भाषांतर केलं. साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

संध्याकाळी बाबांनी अर्ज घडी घालून माझ्या हातात ठेवला. “मास्तरांना परत दे. अक्षर चांगलं हाय म्हणावं.”

पुढं अडेल, मास्तर म्हणाले. अडू दे, मी म्हटलं. अडलंही, दोनदा. पण माझं बरं चाललंय, आणि सर्टिफिकेटवर माझ्या बापाचा धंदा छापलेला आहे. राग एवढाच, की हे सांगायला परदेशातून माणूस यावा लागला. आपल्यातल्या एकालाही आधी सुचलं नाही.

तुम्ही मास्तर असा, कारकून असा. उद्या कुंभाराचं, चांभाराचं पोर फॉर्म घेऊन तुमच्या टेबलाशी उभं राहील. आडनाव बदलायचं असेल तर ते स्वतः बदलेल. तुम्ही सुचवायचं नाही. सांगेल ते लिहून घ्या.