नानांना घेऊन रॉकच्या खेळाला

त्या संध्याकाळी मला एकटीने जायचं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढची माझी चिडचिड वाचून लोक म्हणतील, बाई भारीच कजाग आहे. कजाग मी आहेच, पण त्या दिवशी मला कारणही होतं.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी पास दिला होता. जळगावात दिल्लीकडची एक कसरतींची मंडळी आली होती. जुन्या इंग्रजी रॉक गाण्यांवर झोक्यावरच्या, कापडावरच्या, एकमेकांच्या खांद्यांवरच्या कसरती. कसरतींशी मला काही देणंघेणं नव्हतं, त्या मी जन्मभर घरात पाहिल्या होत्या. मला हवी होती ती गाणी. कॉलेजात असताना वसतिगृहातल्या माझ्या सोबतिणीकडे टेपरेकॉर्डर होता आणि तिच्या मामेभावाने दिलेल्या दोन-तीन कॅसेट. त्यातलं एक गाणं गिटारवर अगदी हळू सुरू व्हायचं आणि मग चढत चढत जायचं. शब्द आम्हा दोघींनाही कळत नव्हते. सेल उतरायला लागले की गायकाचा आवाज रडवेला व्हायचा, तोच आम्हाला जास्त आवडायचा. त्या खेळाच्या जाहिरातीत हे गाणं वाजलं आणि मी ठरवलं, जायचं. कुणीही हाक न मारता एकदा ते गाणं पूर्ण ऐकायचं.

आता नानांबद्दल. नाना म्हणजे माझे वडील. अमळनेरला शाळेत पीटीचे शिक्षक होते आणि संध्याकाळी व्यायामशाळेत मुलामुलींना मल्लखांब शिकवायचे. आता ते माझ्याकडे, जळगावातच मेहरूणला असतात. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आईबाप माझ्याच वाट्याला येणार हे सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. आई गेली, आणि नानांना विसरण्याचा आजार लागला. आधी चष्मा विसरले, मग रस्ते, मग मला. शाळेत छान शुद्ध मराठी बोलणारा माणूस, आता फक्त अहिराणीत बोलतो. मी त्यांना कामाला ठेवलेली बाई वाटते. रोज सकाळी चहा दिला की विचारतात, "तुमनं गाव कोनतं, बाई?" मी अमळनेर म्हणते. "आमनंच गाव!" म्हणून खूश होतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले होते. आता साखर ढवळत उत्तर देते.

रडण्यापेक्षा झोपेचं दुखणं मोठं. नाना रात्री उठून दार उघडतात आणि चालायला लागतात. कडीला मी घुंगरू बांधून ठेवलंय. ते वाजलं की उठायचं, नाही वाजलं तरी वाजल्यासारखं वाटून उठायचं. फळ्यावर लिहिता लिहिता माझा डोळा लागला, हे वर्गातल्या मुलींनी घरी सांगितलं आणि एका आईने मला शाळेच्या फाटकापाशी अडवून खोचकपणे विचारलंही. तिला काय सांगणार? मी नुसती हसले.

धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याने नाशिकला अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक घर शोधून काढलं. "चांगली सोय आहे, अक्का. नानांना बरं पडेल," असं तो फोनवर सांगत राहिला. मला बरं पडेल असं मात्र एकदाही म्हणाला नाही. तिथे एक जागा रिकामी होत होती आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार. मी टाळत होते. नाही म्हणायला अंगात ताकद नव्हती आणि हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं. खेळ नेमका त्याच शनिवारी आला. निदान दोन तास हा विषय डोक्यातून जाईल, एवढीच आशा.

दिवसा नानांजवळ बसणाऱ्या मावशी खेळ संपेपर्यंत थांबणार होत्या. दुपारी त्यांचा फोन. भाचीच्या हळदीला दोंडाईच्याला निघाल्या होत्या, गाडीतूनच बोलत होत्या. मे महिन्यात खानदेशात कुणाला गृहीत धरू नये, हे मला या वयात तरी कळायला हवं होतं. मी कपाळावर हात मारला. पास फाडून टाकावा असं वाटलं. मग वाटलं, का म्हणून? नानांना धुतलेला पायजमा आणि पांढरा सदरा घातला, केस विंचरले. "कोठे जावानं शे?" त्यांनी विचारलं. खेळ पाहायला, असं मी जरा तोडूनच म्हणाले.

नाट्यगृहात गर्दी मरणाची. बाहेर झळा लागत होत्या, आणि आत एसी होता. अर्धे लोक इंग्रजी गाण्यांसाठी नव्हे, एसीसाठीच आले असावेत. आमच्या पुढच्या रांगेतली लहान मुलं हत्ती कधी येणार म्हणून आईला भंडावत होती. त्याआधी अर्थातच दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि तीन भाषणं. पडद्याच्या फटीतून कसरतवाली पोरं दिसत होती. एकजण एक पाय भिंतीला उंच लावून उभा होता आणि हाताने जांभई झाकत होता. त्याच्याबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

मग गाणी सुरू झाली. ढोलाचे ठोके थेट छातीत. शेजारच्या आजोबांनी कानात बोटं घातली आणि ती शेवटपर्यंत काढली नाहीत. नाना मात्र शांत होते. मी त्यांच्या तोंडात लेमनची गोळी दिली होती, ती चघळत ते पाहत होते. माणसावर माणूस चढला, झोके सुटले, लोकांनी टाळ्या पिटल्या. मला एकदाही गाण्यात शिरता आलं नाही. एक डोळा रंगमंचावर, एक नानांवर. मांडीवरचा फोन थरथरला. भाऊ. "काय ठरलं अक्का? त्यांना कळवायचंय." मी फोन उपडा ठेवला.

आणि ते गाणं आलं. गिटार तशीच, अगदी हळू. दिवे निळे झाले. वरून लाल कापडाचे दोन लांब पट्टे सोडले होते आणि एक बारीकशी मुलगी त्यांना धरून वर वर चढत गेली. मी डोळे मिटले. खरंच मिटले, कितीतरी दिवसांनी, भीती न बाळगता. शेजारची खुर्ची वाजली तेव्हा उघडले.

नाना उठून मधल्या वाटेने रंगमंचाकडे निघाले होते. भरभर, घरात कधी चालत नाहीत इतके भरभर. मी मागे धावले. साडी खुर्चीत अडकली, कुणीतरी "ओ बाई, खाली बसा" म्हणून ओरडलं. त्या क्षणी मला नानांचा भयंकर राग आला. एक गाणं. एक गाणंही ऐकू देणार नाहीत. त्यांना गाठेपर्यंत मी मनात भावाला हो म्हणून टाकलं होतं.

रंगमंचाच्या अगदी पुढ्यात जाऊन ते थांबले होते. मान वर, नजर त्या मुलीवर, दोन्ही हात कोपरात वाकवून पुढे केलेले. मी दंड धरून ओढलं, तर हलेनात.

"पोर वर शे," ते म्हणाले. "खाले कोनी नही."

व्यायामशाळेत नानांचा एक रिवाज होता. दोरीच्या मल्लखांबावर पोर चढलं की ते खाली उभे राहायचे, हात असे पुढे करून. गादी टाकलेली असली तरी. मीही चढायचे लहानपणी. उलटी लटकले की सगळी व्यायामशाळा उलटी दिसायची आणि मध्यभागी नानांचे ते दोन हात. कोणी भेटायला आलं तरी ते तसेच उभे. पोर उतरल्याशिवाय त्यांना कुणी हलवू शकत नसे.

छातीवर बिल्ला लावलेले एक गृहस्थ वाकून धावत आले. "ताई, बाबांना घेऊन जा, मागच्यांना दिसत नाहीये." मी म्हटलं, दादा, हे मल्लखांबाचे गुरुजी आहेत, त्यांना ती पडेल असं वाटतंय, गाणं संपलं की येतील. त्यांनी नानांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. "बरं, थोडं कडेला उभं करा," म्हणाले आणि गेले. त्या मुलीच्या कमरेला दोरी नव्हती, पण खाली जाड गादी होती, आणि पडली असती तरी नानांच्या हातांपासून चांगली दूरच पडली असती. त्यांचे हात थरथरत होते. अशा हातांत तर चहाचा कपही राहत नाही.

मी त्यांना कडेला घेतलं आणि शेजारी उभी राहिले. गिटार चढत होती. मुलगी कापडाला पिळा मारून अगदी टोकाशी पोचली होती. माझ्या पोटऱ्या दुखत होत्या. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेतला, आणि तेवढ्यासाठी नानांनी क्षणभर नजर खाली आणली. माझ्याकडे नीट पाहिलं.

"बाई, थकी ग्यात तुम्ही," ते म्हणाले. आवाज किती मऊ होता! "घर जा. पोर उतरस तोपावत मी शे आठे."

थकलात, घरी जा, पोर उतरेपर्यंत मी आहे इथे. गेल्या कित्येक महिन्यांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. भावाने नाही, डॉक्टरांनी नाही, शेजारपाजारच्या बायकांनीही नाही. त्या फक्त तुमचं कौतुक वाटतं म्हणतात. म्हटलं ते यांनी, मी कोण हे ठाऊक नसताना.

पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी राखलेल्या खुर्च्या भाषणं संपताच रिकाम्या झाल्या होत्या. त्यातल्या एकीवर मी बसले. फोन काढला. "हो. त्यांना कळव," असं लिहिलं आणि विचार करायला वेळ न देता पाठवून दिलं. लगेच भावाचा हात जोडलेला इमोजी आला. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकदमच, आणि मी पदर तोंडाशी धरून रडले. गाणं एवढ्या जोरात होतं की कुणाला काही कळलं नसतं.

नाना समोर पाठमोरे उभे होते, हात पुढे करून. ते मागे वळले नाहीत. पोर अजून वरच होती.