एमपीथ्रीवाल्या काकांचं टेबल

काका हट्टी आहेत हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पण किती हट्टी, ते त्या सोमवारी कळलं.

दुकान दोघा भावांचं. धाकट्याच्या बाजूला मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि गिऱ्हाइकांची रीघ. थोरल्याच्या, म्हणजे काकांच्या टेबलावर एक जुनाट कॉम्प्युटर आणि वर पाटी: 'एमपीथ्री गाणी भरून मिळतील'. एके काळी इथं मोबाइलचं मेमरी कार्ड गाण्यांनी भरून घ्यायला रांग लागायची. आता लोक फोनवर बोट फिरवतात, हवं ते गाणं वाजतं. काकांकडे चिटपाखरूही फिरकेना.

"दादा, एमपीथ्रीचं मढं किती दिवस कवटाळून बसणार?" धाकटा म्हणाला. "सोमवारी शोकेस येतेय. टेबल काढू या."

"काढ की! आधी मला उचलून बाहेर ठेव, मग टेबल काढ," काका कडाडले. उमर गेली होती त्यांची त्या टेबलावर.

काकांची एक रीत होती. भरलेल्या प्रत्येक कार्डाची नक्कल ते स्वतःकडे ठेवत, तीही गिऱ्हाइकाच्या धंद्याच्या नावानं: 'सुतार', 'शाळेतल्या बाई', 'ट्रकवाला'. वीस वर्षांत एकही पुसली नाही. धाकटा त्याला भंगार म्हणायचा. म्हणेना का!

एक गुपितही होतं. सुरुवातीच्या दिवसांत कॅसेटवरून एक गाणं उतरवताना वायर तुटली, म्हणून त्यांनी माइक स्पीकरपुढे धरला आणि ऐन दुसऱ्या कडव्याआधी त्यांना खोकला आला. आता बोला! पुन्हा रेकॉर्ड करायचा कंटाळा केला, आणि ते गाणं तसंच शेकडो कार्डांत गेलं. कोणी तक्रार केली नाही, पण काकांच्या मनात ते कुसळासारखं सलत राहिलं.

सोमवारी हमाल शोकेस घेऊन दारात उभे, तेवढ्यात मुलीचा हात धरून एक म्हातारा आत आला. तोच ट्रकवाला. नजर गेलेली.

"बाबांचं कार्ड खराब झालं," मुलगी म्हणाली. "मी फोनवर तीच गाणी लावते, आवाज कसा स्वच्छ! पण हे ऐकतच नाहीत. आठ दिवस तोंड मिटून बसलेत."

"ते माझं गाणं नव्हे," म्हातारा म्हणाला. "माझ्या गाण्यात मध्येच एक जण खोकतो. पंधरा वर्षं एकट्यानं ट्रक हाकला. तो खोकला की मी म्हणायचो, 'अरे बाबा, औषध घे!' दिवसभरात तेवढंच काय ते कुणाशी बोलणं."

धाकटा फिस्सकन हसला. काकांचे कान लाल झाले. पण त्यांनी मुकाट्यानं 'ट्रकवाला' शोधला आणि गाणं लावलं. पहिलं कडवं संपलं, वाद्यं वाजली, आणि खों खों!

"अरे बाबा, औषध घे!" म्हातारा ओरडला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"घेतलं हो तेव्हाच," काका म्हणाले.

म्हाताऱ्यानं झटकन मान वळवली. चाचपडत काकांचा हात शोधला, घट्ट धरला, आणि सोडेचना.

"शोकेस कुठं ठेवायची?" हमालांनी विचारलं.

"कुठंही ठेवा, पण या टेबलाला हात लावलात तर याद राखा!" काका गरजले. धाकट्यानं शोकेस निमूट आपल्या बाजूला घ्यायला लावली.

मग काका स्टुलावर चढले आणि पाटीवर जाड पेनानं एक शब्द वाढवला: 'खोकल्यासकट'.