त्यांचं उरलेलं वाक्य

डिसेंबरातल्या सकाळी शहराच्या टोकाच्या आमच्या बेसा भागावर धुकं उतरतं तेव्हा त्याला ओल्या मातीचा वास नसतो. कुठेतरी पेटवलेल्या कचऱ्याचा, राखेचा, किंचित आंबट असा वास असतो, आणि तो नाकाच्या आधी घशाला कळतो. त्या करड्या उजेडातून आम्ही दोघं आठवड्यातून तीनदा समाजभवनाकडे निघायचो. हे पुढे, मी दोन पावलं मागे, हातात त्यांचा श्वासाचा पंप, पाण्याची बाटली, आणि वर माझी अखंड बडबड.

फुप्फुसं थकलेल्या माणसांचा व्यायामवर्ग तिथे भरतो. लकडगंजातल्या आरागिरणीच्या लाकूडभुशात हयात घालवलेले एक गृहस्थ, चुलीपुढे जन्म काढलेल्या दोघी, आणखी सहा-सात जण, आणि सावनेरकडच्या कोळसा खाणीत तीस वर्षं उतरलेले आमचे हे. शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची, पण नजर करडी. बोटाला लावून प्राणवायू मोजायच्या यंत्रावर तिचा विश्वास होताच, त्याहून जास्त स्वतःच्या कानांवर होता. सगळे गोल चालत असताना ती मध्येच कुणालाही विचारायची, काल काय केलं, भाजी कोणती होती. आणि चालता चालताच उत्तराचं वाक्य न तुटता पुरं करायचं. दम लागून तुटलं, की खुर्चीवर बसायचं आणि ती तपासायची.

ह्यांना विचारलं की ह्यांचे चार शब्द व्हायचे आणि उरलेलं वाक्य मी भिंतीजवळच्या बाकावरून पुरं करायची. भरली वांगी होती, अन् तीन खाल्ली! सगळे हसायचे. लग्नात ह्यांचा उखाणा अडला तेव्हाही पुढची ओळ मीच सांगितली होती, असं नणंदा अजून चिडवतात. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की त्या मुलीचंही काही चालत नसे, आणि खरं सांगते, मला त्यात थोडा मान वाटायचा.

त्या हिवाळ्यात चाराचे तीन शब्द झाले, तिनाचे दोन, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही. ह्यांना मात्र ठाऊक होतं. वाक्य सुरू करून ते माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, कौतुकाने बघतात.

जानेवारीतल्या एका सकाळी त्या मुलीने माझ्याकडे हात केला. "काकू, आज तुम्ही बोलायचं नाही. काका, सांगा, सकाळपासून काय केलं?"

"सकाळी उठून..." हे म्हणाले आणि चालत राहिले. खिडकीतून गढूळ पिवळा उजेड येत होता, फरशीवर चपला घासत होत्या, आणि पुढचं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं: उठून ऊन खाल्लं, चहात साखर कमी म्हणून कुरकुरले. मी पदर तोंडावर दाबून धरला. एक फेरी पुरी झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोलत नाही हे पाहिलं, आणि ज्या माणसाला खाणीच्या अंधाराचं कधी काही वाटलं नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर मला उघड भीती दिसली. ओठ जांभळट झाले होते. मग खुर्ची, बोटाला यंत्र, आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी.

ऑटोत मी विचारलं, "काहून नाही सांगितलं मले?"

"दिवाळीपासून..." ते म्हणाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तू बोलून राहिली होती ना वं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आता घरात प्राणवायूचं यंत्र दिवसभर घुमत असतं आणि मी या वयात गप्प राहायला शिकते आहे. काल दुपारी, ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलं असताना, हे म्हणाले, "अवं, तुले एक..." आणि थांबले. या वाक्याचे दहा शेवट मला येतात, पण ते दहाही माझेच आहेत. मी त्यांच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे बघत, त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत बसून राहिले.