गुरुजींच्या हातातलं टमरेल

आमच्या ह्यांच्या रक्तात साखर निघाली तेव्हा मुरबाडचे डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, भात निम्मा करा आणि रोज सकाळी चाला. नाहीतर इंजेक्शन सुरू करावं लागेल." ह्यांना सुईची भीती. मला वेगळीच होती. ह्यांचे दोन्ही थोरले भाऊ साखरेनेच गेले, साठी गाठायच्या आधी. दोन्ही जावा आता सणाला येतात आणि हळदीकुंकवाच्या वेळी हळूच मागच्या दाराला जाऊन बसतात. मी तिथेच, डॉक्टरांच्या टेबलासमोर ठरवलं, ह्या माणसाला मी जाऊ देणार नाय.

भात त्याच दिवशी निम्मा केला. म्हणजे ह्यांच्या ताटातला. टोपात माझा हात सवयीने तेवढाच तांदूळ टाकायचा. आता पिकवलेला भात कोणी फेकून देतं का? उरेल तो मी जिरवायची. ह्यांची चहाबरोबरची बिस्किटं बंद केली आणि पुडा मऊ पडेल म्हणून तीही मीच संपवली. घरात कोणीतरी त्याग करावाच लागतो.

चालायचं मात्र जमेना. आमच्याकडे रेल्वे नाय. एसटी येईल तेव्हा येते, जीप भरेल तेव्हा निघते. त्यामुळे पायी जाणारा माणूस दिसला की त्याची गाडी चुकली असं समजून सगळे थांबतात. बसा म्हटल्यावर बसलं नाय तर ह्याच्या मनात काहीतरी आहे, बहुतेक बांधावरून, असा अर्थ निघतो. त्यात हे जन्मभर शाळामास्तर. अर्ध्या तालुक्याने ह्यांच्या छड्या खाल्ल्यात आणि ती सगळी पोरं आता मोटारसायकलीवर हिंडतात.

तरी रोज पहाटे लेकाने पाठवलेले पांढरे बूट घालून स्वारी निघायची आणि उन्हं वर यायच्या आत टवटवीत होऊन परत यायची. पुढच्या तपासणीत साखर चढलेली. डॉक्टरांनी विचारलं, "चालायला जाता ना?" हे म्हणाले, "रोज जातो." खोटं एक अक्षर नव्हतं.

बिंग फोडलं दूधवाल्याने. "काकू, आज गुरुजींना मी नाक्यावर सोडलं. वडापाव पण खाल्ला आमी." मी पातेलं तिथेच ठेवलं आणि आत गेले.

"अगं, पोरगं गाडी थांबवून उभं राहतं. नाय कसं म्हणायचं?" हे म्हणाले.

"व्यायाम करतोय म्हणायचं."

"म्हटलं ना. तर म्हणतो, बसा, व्यायामाला सोडतो."

मला हसू आलं आणि रागही आला. मग माळ्यावरून सासऱ्यांच्या वेळचं पत्र्याचं टमरेल काढलं, पाणी भरलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "आता बघते कोण थांबतंय ते."

ह्यांचा चेहरा पडला. "शाळेच्या भिंतीवर स्वच्छतेच्या घोषणा मी रंगवल्यात गं."

"मग त्या वाचत वाचत चाला."

इलाज असा लागू पडला म्हणून सांगू. गाड्या लांबूनच वेग वाढवायला लागल्या. पोरं मान फिरवून निघून जायची. गुरुजी घामाने भिजून घरी यायचे, तोंडाने मला शिव्या आणि चाल मात्र खणखणीत.

एका सकाळी सरपंचबाई घरी आल्या. वेशीवर हागणदारीमुक्त गावाचा फलक त्यांनीच लावलेला. बाई कधी नव्हे त्या खुर्चीच्या कडेला बसल्या, पदर चाळवला आणि जमिनीकडे बघत म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा संडास तुंबलाय का? लाजू नका. पंचायतीतून माणूस पाठवते." हे आतल्या खोलीत जाऊन बसले ते बाहेर येईनात. मला हसण्यापायी धड बोलता येईना. शेवटी डोळे पुसत मी खरं काय ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्यानंतर हातात टमरेल नसलं तरी गाड्या थांबेनात. पोरं नुसता हॉर्न मारायची आणि ओरडायची, "चाला गुरुजी, चाला." टमरेल परत माळ्यावर गेलं.

साखर उतरली. डॉक्टर खूश झाले, इंजेक्शन टळलं. मी पिशवी उचलून उठले तर हे बसूनच. "डॉक्टर, हिचं पण रक्त बघा."

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं. "मी दिवसभर पायावर उभी असते."

माझी साखर ह्यांच्या पहिल्या साखरेपेक्षा वर निघाली. ती बिस्किटं, तो टोपातला भात, सगळं कागदावर उतरलं. येताना एसटीत मी म्हटलं, "तुमचीच साखर आहे ती, मी नुसती सांभाळत होते." हे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी चुलीशी, तर हे दारात माझ्या चपला घेऊन उभे. म्हटलं, दूध उतू जाईल. ह्यांनी लाकडं ओढून विस्तव विझवला. "दोन भाऊ पोचवून आलो," म्हणाले, "तेवढं सोसलं. तुझं मला सोसायचं नाय." एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. मी चपला घातल्या.

वेशीबाहेर जेमतेम पोचलो आणि मागून जीप आली. गुरुजींचं सगळ्यांना ठाऊक, माझं अजून कोणालाच नाय. जीपवाला थांबला. "काकू, या बसा. कुठं सोडू?" माझे गुडघे बोलत होते. काय सांगू, माझा एक पाय फूटबोर्डावर गेलासुद्धा.

ह्यांनी मनगट धरून मला खाली ओढलं. "ती चालणारे," म्हणाले.

जीप निघून गेली. पुढे दूधवाला भेटला, सरपंचबाईंचा दीर भेटला, दोघंही आमच्याकडे बघून गालात हसले. मी म्हटलं, "अहो, लोक बघतायत, हात सोडा." ह्यांनी सोडला नाय.