पिवळ्या मातीच्या गोळ्या

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? यंत्रावर, मिस्त्रीवर, की स्वतःच्या अकलेवर? मी अकलेवर ठेवला. म्हणून आमच्या खाणीतून मालापेक्षा किस्सेच जास्त निघाले.

सोलापुरात माझं रंगाचं दुकान. अक्कलकोटच्या वाटेवर पिवळ्या मातीची खाण घेतली. ढेकळं फोडायची, भट्टीत भाजायची, की भिंतीला द्यायची लाल काव तयार! "दसऱ्याला लाल ढीग दाखवीन, नाहीतर खाण तुझी," असं भर पंगतीत मेहुण्याला बोलून बसलो.

*

आधी जुना क्रशर आणला. ढेकळं ओलसर, चिकट. जबडा हलतोय, बाहेर काही येईना. मी म्हटलं, "पाणी मारा, सुटेल!" जबडा असा चिकटला की इंजिनच बंद.

रहमान मिस्त्री म्हणाला, "शेठ, मशीन रोजा रख ली!"

*

मग ढेकळं उन्हात वाळवून फोडली. त्यांचं झालं पीठ! भट्टीत भरलं, तर वाऱ्याला वर जायला वाटच नाही. धूर उलटा खालून आला. तिथं वाकून कोण बघत होतं? मीच.

"शेठ, भट्टी माल को छोडके तुमकोच भूनरी!"

*

पीठ बांधायला हवं, एवढं कळलं. गूळपाणी घालून लाडू वळले, वाळत घातले. दुपारी शेजारचा धनगर हजर.

"शेट, शेरडांना तुमची माती लई गोड लागली की! रोज टाकता व्हय?"

*

दसऱ्याला पंधरा दिवस उरले. घरी डोकं धरून बसलो.

बायको म्हणाली, "संक्रांतीला तिळावर पाक ओतते का मी? थेंब थेंब शिंपडते, परात हलवत राहते. हलव्याचा दाणा आपोआप वाढतो."

तिनं परातीत भुकटी घेतली, बोटांनी पाणी शिंपडलं, परात फिरवली. वाटाण्याएवढ्या गोळ्या! मग खाणीवर बारा बाया, बारा पराती. गोळ्या वाळवून भट्टीत भरल्या. फटींतून वारा खेळला, धूर सरळ वर गेला.

*

दसऱ्याला मेहुणा आला. लालभडक ढीग बघून म्हणाला, "दाजी, कुठलं मशीन हे?"

मी मिशीवर हात फिरवला. "आहे एक..."

रहमान मध्येच, "वो मशीन घर में पोळ्या कररी!"

मेहुणा बहिणीला भेटून हसत परतला. "ताई म्हणते, खाण दाजींचीच. पण यंदा संक्रांतीचा हलवा दाजींनी करायचा!"

केला. अजून दरवर्षी करतो. अजून दाण्याला काटा येत नाही.

तुम्ही हे चार जणांत सांगालच. सांगा, पण हिशेब प्रामाणिक ठेवा. युक्ती तिच्या नावावर लिहा. माझ्या नावावर शेरडं.